रिसबुडांची तक्रार

गेल्या तीनेक महिन्यांत रिलीजच्या धबडग्यातून जे काही विकांत वाचले, ते मी जुन्या मराठी पुस्तकांना देऊन टाकले. ठरवून असं काही नव्हतं. एका मित्राने 'मंजुघोषा'ची स्कॅन केलेली प्रत पाठवली, ती वाचता वाचता 'वीरधवल' आठवलं, त्यावरून फडके, आणि मग डोकं शांत करायला आठवणींची तीन पुस्तकं. म्हणजे हिशोब केला तर अद्भुत, प्रेमकथा आणि आत्मचरित्र, असे तिन्ही कप्पे भरले. हल्लीच्या वाचनयाद्यांत हे कप्पे अगदी वेगवेगळे असतात. जुन्या मराठीत मात्र ते एकमेकांत कसे सांडत होते, हे बघताना मला फार मजा आली, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात नारो सदाशिव रिसबुडांपासून. 'मंजुघोषा' आली १८६८ साली. मराठीत कादंबरी नावाचा प्रकार तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. तिच्यात एक जोडपं गावोगाव फिरतं आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखं बघतं. म्हणजे आपल्याकडे सुरुवातच वास्तवाने झाली, तीही चांगलीच बोचऱ्या. पण त्या वाटेने लगेच कोणी गेलं नाही. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं राजे, राजकन्या, कपटी प्रधान, ताटातूट आणि पुनर्भेट यांचं राज्य सुरू झालं. त्याच १८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' बाहेर पडायला लागल्या होत्या. वाचकाच्या तोंडाला कुठली चव लागली होती, ते सांगायला नकोच.

(जाता जाता: 'कादंबरी' हा शब्दसुद्धा मुळात एका नायिकेचं नाव. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या कथेतली कादंबरी, जिथे प्रेमासाठी माणसं जन्मोजन्मी वाट बघतात. त्या नावावरून आपण अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव ठेवलं. इंग्रजीतल्या शब्दाचा अर्थ काहीतरी 'नवीन' असा, आणि आपला शब्द तेराशे वर्षं जुन्या प्रेमकथेतून आलेला. असो.)

खरं सांगायचं तर 'मंजुघोषा' आज वाचवत नाही. मी वाचली, पण एखाद्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचावा तशी. वाक्यं संस्कृत समासांनी लगडलेली, वर्णन सुरू झालं की पात्रं बिचारी ताटकळत उभी, आणि शेवटी सुष्ट सुखी होणार आणि दुष्ट मरणार हे पहिल्या पानावरच कळलेलं. पण तिची प्रस्तावना! प्रस्तावनेत रिसबूड एक तक्रार करतात, आणि ती तक्रार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लोकांतली लग्नाची रीत आणि इतर काही कारणं यांमुळे आपल्या आयुष्यात मन गुंतून राहील असे ना दुर्गुण सापडतात, ना सद्गुण. रोज अनुभवाला येतं तेच लिहायचं म्हटलं तर त्यात रंगून जाण्यासारखं काहीच नाही. मग मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळण्यावाचून उपाय काय?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. वाटलं, हा तर आपल्या टीममधल्यासारखा माणूस आहे. फीचर जमत नाही तर दोष रिक्वायरमेंटला! पण जरा थांबून विचार केला तर निदान लग्नाच्या बाबतीत रिसबूड अगदी तांत्रिक अडचण सांगतायत. प्रेमकथेला लागते एक नायिका, जिला स्वतःचं मन आहे, आणि जिचं लग्न अजून ठरलेलं नाही. आता १८६८ मध्ये, रिसबुडांचा वाचक ज्या वाड्यात राहत होता त्या वाड्यात, अशी मुलगी शोधून दाखवा. आठ-दहाव्या वर्षी लग्न. सोळाव्या वर्षी ती एक तर लेकुरवाळी, नाहीतर विधवा. अविवाहित तरुणी ही व्यक्तीच त्या समाजात अस्तित्वात नव्हती. मग ती कुठे सापडणार? स्वयंवराच्या काळात, राजवाड्यात, पर्वतापलीकडच्या कुठल्याशा नगरीत. रिसबूड आणि हळबे राजकन्यांकडे गेले, ते काही निव्वळ चमत्काराच्या हौसेने नाही. जिला कोणाच्या तरी प्रेमात पडायची सवड आहे अशी स्त्री त्यांना फक्त तिथेच मिळत होती. प्रेमकथा मराठीत आधी अद्भुताच्या घरी भाड्याने राहिली, कारण तिला दुसरं घरच नव्हतं.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचा इतिहास भराभर उलगडतो. १८८५ मध्ये रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने टाइम्समध्ये बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली आणि लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला नकार दिला म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, दहाचे बारा झाले, आणि त्यावरून पुण्यात काय गदारोळ उडाला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमाराला हरिभाऊ आपटे 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः लिहीत होते, आणि त्यात एक बालवधू स्वतःच्या तोंडाने आपली गोष्ट सांगत होती. म्हणजे हरिभाऊंनी रिसबुडांच्या अडचणीलाच विषय केलं. रोजचं आयुष्य रंगून जाण्यासारखं नसेल, पण रडण्यासारखं तर होतंच.

अद्भुत मात्र यामुळे संपलं नाही. नाथमाधवांचं 'वीरधवल' १९१३ चं. म्हणजे वास्तव कादंबरी चांगली स्थिरावल्यावर आलेलं, आणि तरी आपल्या आजोबांच्या पिढीने ते रात्र-रात्र जागून वाचलं. द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचं खरं नाव. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. लेखन हे त्यानंतरचं. पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ ची, आणि १९२८ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मधल्या वीस वर्षांत ऐतिहासिक, सामाजिक, अद्भुत असं जे काही लिहिलं ते सगळं अंथरुणाला खिळून. हे माहीत असताना 'वीरधवल' वाचलं की एक गोष्ट जाणवते. मंजुघोषेतलं अद्भुत शोभेसाठी आहे, सजवलेल्या मखरासारखं. 'वीरधवल'मधलं धावतं. एका रहस्यातून दुसऱ्यात, दम न घेता. लेखकाच्या पायांशी त्याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो जोडून मी शहाणपणा मिरवत नाही. एवढंच सांगतो की पुस्तक अजूनही पळतं. भाषा जुनी वाटेल, पात्रं पुठ्ठ्याची वाटतील, तरी पन्नास पानांनंतर तुम्ही मोबाईल बाजूला ठेवाल.

आता प्रेमकथा. ना. सी. फडक्यांची 'जादूगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची. मी या फेरीत 'दौलत' वाचली. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, आणि पाश्चात्य कादंबऱ्यांचं तंत्र त्यांनी एखाद्या इंजिनिअरसारखं सुटं करून पाहिलं होतं. सुरुवात कुठे करायची, गाठ कुठे मारायची, वाचकाला कुठे लटकवून ठेवायचं. हे त्यांना इतकं येतं की ते येतंय हे सतत दिसत राहतं, आणि तिथेच माझं त्यांच्याशी बिनसतं. नायक देखणा, नायिका देखणी, चहाचे पेले नाजूक, संध्याकाळ नेहमी मावळतीच्या सुंदर रंगाची. कोणाच्या घरी डाळ महाग झालीय असं कधी होतच नाही. साखर जास्त झालेला शिरा! (फडकेप्रेमींनी ह. घ्या.)

पण इतिहास म्हणून बघा. रिसबुडांना न सापडलेली मुलगी फडक्यांना सहज सापडली. ती राजकन्या नाही, कॉलेजात जाते, टेनिसच्या रॅकेटला तिचा हात लागलेला आहे, आणि तिचं लग्न अजून व्हायचं आहे. 'दौलत' आली त्याच १९२९ साली सारडा कायदा संमत झाला, ज्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. चौदा! कायदा कॉलेजपर्यंत पोचायला अजून अवकाश होता, पण शहरातली मूठभर घरं पोचली होती, आणि कादंबरीला तेवढी पुरली. साठ वर्षांत प्रेमकथा राजवाड्यातून निघून फर्ग्युसन रस्त्यावर राहायला आली. फडक्यांवर 'हे जग खरं नाही' असा आरोप होतो, मीही आत्ताच केला. पण ते खोटं जग निदान पत्ता देण्याइतकं जवळ आलं होतं, हे कबूल करायला हवं.

इथवर सगळं ठीक जमतंय. गडबड होते ती आठवणींच्या पुस्तकांपाशी. कारण रिसबुडांचं मूळ विधान, की आपल्या आयुष्यात रंगून जाण्यासारखं काही घडतच नाही, ते या तीन पुस्तकांनंतर उभंच राहत नाही.

विष्णुभट गोडसे वरसईकर घ्या. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक, घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, असं ऐकून काकांबरोबर निघाले. साल १८५७! माणसाचं नशीब बघा. यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघालेला हा माणूस झाशीच्या किल्ल्याच्या आत सापडला, वेढा बघितला, शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल बघितली, स्वतः पुन्हा पुन्हा लुटला गेला. काळपीच्या वाटेवर, पहाटे एका विहिरीपाशी त्याला पुरुषी वेषातली राणी भेटली. पाणी काढून द्यायला हा पुढे झाला तर तिने विद्वान ब्राह्मणाकडून ते काम करून घ्यायला नकार दिला आणि स्वतःच पाणी काढलं. हरलेली, दमलेली बाई, मातीचं भांडं आणि विहीर. असा प्रसंग कल्पनेने लिहिला असता तर मीच म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. शेवटी गोडसे घरी परतले ते पैसे घेऊन नाही, तर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. प्रवास, संकटं, राणी, लूट, पवित्र जल घेऊन घरवापसी. अद्भुतकथेचा सगळा सांगाडा इथे आहे, आणि सांगणारा माणूस मध्येच कुठे काय जेवलो आणि दक्षिणा किती मिळाली हेही सांगतो! 'मंजुघोषा' निघाली तेव्हा हा माणूस जिवंत होता, हे सगळं पोटात ठेवून.

पोटात का ठेवलं तेही समजण्यासारखं आहे. इंग्रजांचं राज्य, बंडाची आठवण ताजी. गोडश्यांनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि छापून आलं १९०७ मध्ये, लेखक गेल्यावर. तेही वैद्यांनी भाषा घासूनपुसून, अडचणीचं गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून काही पानं वाचली. वैद्यांची सुबक आहे. मूळ खडबडीत आहे, वाक्यं संपायचं नाव घेत नाहीत, आणि मला तीच आवडली. भिक्षुकी करणारा माणूस ओसरीवर बसून सांगतोय असं तिच्यात वाटतं. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर पोतदारांचं घ्या.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. हे पुस्तक मी आत्मचरित्र म्हणून उघडलं आणि प्रेमकथा म्हणून मिटलं. गोष्टीची सुरुवात मात्र भलतीच आहे. १८७३ मध्ये माधवरावांची पहिली पत्नी वारली. ते सुधारक, तेव्हा ते विधवेशी लग्न करतील या भीतीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी करून दिली. वर एकतीस वर्षांचा, वधू अकरा. सुधारकाची स्वतःच्या घरात झालेली ही हार, आणि मित्रांनी, विरोधकांनी ती कधी विसरू दिली नाही. आज वाचताना घशाशी येतं, आणि यायलाच हवं. पण पुढे रमाबाई जे सांगतात ते इतकं सरळ नाही. नवरा शिकवतो. घरातल्या बायका शिकण्यावरून टोचून खातात. ही मुलगी दोन्हीकडे बघत, एकेक पाऊल टाकत, सभेत भाषण करण्यापर्यंत पोचते. पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण झाल्यावर माधवरावांनी प्रायश्चित्त घेतलं तेव्हा तिला ते आवडलं नाही, आणि ते तिने लिहून ठेवलंय. आपल्या माणसावर इतकी वर्षं प्रेम केल्यावर त्याची पडती बाजूही लपवायची नाही, हे फडक्यांच्या एका तरी नायिकेला जमलं असतं का?

आणि एक गंमत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून संपूर्ण पुस्तकात त्या माधवरावांना 'स्वतः' म्हणतात. 'स्वतः आले', 'स्वतः म्हणाले'. दहा-वीस पानांनंतर त्या शब्दाची इतकी सवय होते की तो माणूस खरोखर खोलीत वावरतोय असं वाटतं. १९३८ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं त्याचं नावच 'हिमसेल्फ' ठेवलं गेलं. बाईच्या आठवणींच्या पुस्तकाला नाव नवऱ्याच्या सर्वनामाचं!

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं भाषांतर १९५० मध्ये निघालं ते 'आय फॉलो आफ्टर' या नावाने. म्हणजे पुन्हा मागे मागे चालणारी बायको. ज्याने मूळ पुस्तक वाचलंय त्याला या नावाचं हसू येईल. मागून जाते ती खरी, पण येताना वाटेत सगळ्यांची फिरकी घेत येते. शांता गोखल्यांनी २०१७ मध्ये नवं भाषांतर केलं, त्याच्या नावात तरी तिच्या बाणेदारपणाची दखल आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. हो, 'मंजुघोषा'चंच साल. रिसबूड प्रस्तावनेत आपल्या लोकांच्या नीरस आयुष्याची तक्रार करत होते, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या जलालपूरला ही मुलगी जन्मली. माहेरचं नाव मनकर्णिका. झाशीच्या राणीचंही हेच, आणि दोघी लग्नानंतर लक्ष्मीबाई झाल्या. आईचे वडील सत्तावन्नच्या धामधुमीत फासावर गेलेले. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, इतकं की घरात येणारं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतल्यावर काय उरतं ते तुम्हीच बघा :) लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा आपण हसतो, आणि हसता हसता कळतं की या घरातल्या लेकराबाळांचं बालपण त्या पाण्याबरोबर वाहून गेलंय.

पुढे लग्न कवीशी, नारायण वामन टिळकांशी. कधी घर सोडून निघून जाईल आणि हातातले पैसे कोणाला देऊन टाकेल याचा नेम नाही, असा नवरा. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. बायकोच्या जगात नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. काही वर्षं दोघं वेगळी. मग ती त्याच्याकडे गेली, पण सुरुवातीला स्वतःचं सोवळं सांभाळून, वेगळं शिजवून. जातपात तिने सोडली ती नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, स्वतःचा विचार पिकल्यावर. बाप्तिस्मा १९०० मध्ये. मला या पुस्तकात सगळ्यात थोर वाटतं ते हेच. धर्म, नवरा, नातेवाईक, सगळे आपापल्या ठिकाणी ओढत असताना ही बाई निर्णय स्वतःच्या वेगाने घेते, आणि तो घेताना भाजी निवडल्यासारखी शांतपणे त्याबद्दल बोलते. शाळा जवळजवळ नाहीच, म्हणून भाषेला पुस्तकी वळणच लागलेलं नाही. १९३४ मध्ये पहिला भाग आला तेव्हा फडके, खांडेकर जोरात होते. त्या सगळ्या नटव्या गद्याशेजारी हिचं बोलणं ठेवून बघा.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रे'चा शेवट राहिला होता, तो मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. बाणभट्टाची 'कादंबरी'ही त्याच्या मुलानेच पुरी केली होती, हे आत्ता लिहिताना आठवलं.

आता 'मुक्तामाला' आणि रिसबुडांची दुसरी कादंबरी 'विश्वासराव' शोधतोय. कोणाकडे बरी, वाचता येईल अशी प्रत असेल तर कळवा. 'मंजुघोषा'ची माझी प्रत मिळेल, पण समास सोडवायची तयारी ठेवा.